टोपलं ठेवायच्या दोन मात्रा

किशन हनमंते रागीट होते, असं त्यांना ओळखणारा प्रत्येक माणूस सांगतो. माहिती बरोबर आहे, पण अपुरी आहे. ते कशावर चिडत हे कुणी सांगत नाही. चुकीच्या छापलेल्या नावावर ते चिडत, आणि छापायचं राहून गेलेल्या नावावर त्याहून जास्त. शिवाय त्यांना कुणी 'बँडमास्तर' म्हटलं की चिडत.

"मी बँडमास्तर न्हाई," ते म्हणायचे. "बँडमास्तर वेगळा माणूस होता. त्याचं नाव वेगळं, त्याची पेन्शन वेगळी. मी सेकंड क्लॅरिनेट."

पोलीस बँडमध्ये त्यांची नोकरी झाली. पहिला क्लॅरिनेट चाल वाजवतो, दुसरा तिच्या खालून आधार देतो. परेड संपल्यावर दुसऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. निवृत्तीनंतर ते मुदखेडला आले आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी दुकान टाकलं. झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका. काउंटरला दोऱ्याने एक लाल बॉलपेन बांधलेलं असे. ते गिऱ्हाइकांसाठी नव्हतं. दुकानात आलेला कुठलाही छापील कागद, दाखला असो, हँडबिल असो की आमचं वर्तमानपत्र, ते आधी त्या पेनाने तपासत आणि मग समोरच्या माणसाशी बोलत.

मी त्या भागाच्या बातम्या नांदेडच्या कार्यालयाला पाठवायचो. बातमी टाइप करायला त्यांच्या दुकानात बसायचो. त्यामुळे पुढचं बरंचसं समोर घडलेलं आहे. जे ऐकलेलं आहे, ते तसं नोंदवलं आहे.

एकदा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. हनमंत्यांनी सगळा मजकूर उतरवून घेतला आणि विचारलं, "मुलीच्या आईचं नाव?"

"ते कशाला? बापाचं नाव आलं की. अमक्याची कन्या, बास."

"पोरगी बापानं एकट्यानं जन्माला घातली का?"

"मास्तर, तुम्ही पत्रिका छापा ना. भाषण काहून देऊन राहिले?"

"नाव सांगा, छापतो. न्हाई तर समोर दुसरं दुकान हाय. तिथं कुणी काही विचारत न्हाई."

गृहस्थ समोरच्या दुकानात गेले. तिथे छापलेली पत्रिका नंतर हनमंत्यांच्याच हाती पडली. तिच्यात मुलीचं नाव चुकलं होतं. त्यांनी ते लाल पेनाने दुरुस्त केलं आणि पत्रिका काउंटरच्या काचेखाली ठेवून दिली. ती तिथे वर्षभर होती.

दुकानात दोन कॉम्प्युटर होते. एक गिऱ्हाइकांच्या कामाचा. दुसऱ्यावर धुतलेला पंचा टाकलेला असे. त्यावर स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर पाच आडव्या रेघा येतात. त्यांवर कळा दाबून एकेक स्वर ठेवायचा. मग कॉम्प्युटर ते वाजवून दाखवतो आणि कागदावर छापून देतो. पाच रेघांची ही लिपी हनमंत्यांना बँडमुळे वाचता येत होती. सॉफ्टवेअर त्यांना इंग्रजीतून शिकावं लागलं. शब्दकोश मांडीवर घेऊन ते शिकले.

सुरुवातीची प्रत फुकट मिळणारी, चाचणीची होती. तिच्यात लिहिलेलं गाणं साठवून ठेवता येत नसे. गाणं सुरू केलं की संपवून छापेपर्यंत कॉम्प्युटर बंद करायचा नाही. मुदखेडला तेव्हा भारनियमन होतं. पाऊण गाणं लिहून झालं असताना बत्ती गुल झालेली मी दोनदा पाहिली. दोन्ही वेळा ते चिडले नाहीत. पंखा म्हणून पुठ्ठा घेतला, वीज येईपर्यंत वारा घेत बसले आणि पुन्हा पहिल्या स्वरापासून सुरुवात केली.

मी विचारलं, तर म्हणाले, "मशीन खोटं बोललं न्हाई. जमत न्हाई मनून आधीच सांगितलं त्यानं. माणसं हाव म्हणतात, मंग करत न्हाईत."

पुढे त्यांनी पूर्ण सॉफ्टवेअर विकत घेतलं. त्यातली त्यांची आवडती गोष्ट अगदी किरकोळ होती. नवं पान उघडलं की वर मधोमध गाण्याचं नाव लिहायची जागा येते आणि उजव्या कोपऱ्यात ते कुणी रचलं त्याचं नाव लिहायची. ही दुसरी जागा रिकामी सोडली, तर तिथे 'रचनाकार' हा शब्द इंग्रजीत तसाच छापला जातो.

"बघा," ते म्हणायचे, "मशीनला बी माहीत हाय. कुणीतरी असतंच."

त्या कॉम्प्युटरवर ते बायकांची गाणी उतरवत. रविवारी सकाळच्या एसटीने बिलोलीकडे जायचं, खिशात छोटा रेकॉर्डर. जात्यावरच्या ओव्या, जयंतीला म्हटली जाणारी गाणी, कामावरची गाणी. गाण्याआधी ते बाईला तिचं पूर्ण नाव विचारत आणि गाणं तिचं की ऐकलेलं, हेही विचारत. ऐकलेलं असेल तर कुणाकडून. ती मेली असेल तरी तिचं नाव. पहिली पाच मिनिटं नावांतच जात. बायका हसत. "गाणं लिहायला आलाय का रेशन कार्ड काढायला?" असं एकीने विचारल्याचं त्यांनीच मला सांगितलं होतं, न हसता.

धुरपतबाई वाघमारे त्यांना अशाच एका रविवारी भेटल्या. मांजरेच्या काठच्या गावच्या, बौद्ध, शेतमजुरीवर आयुष्य काढलेल्या. बहात्तरच्या दुष्काळात गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं, त्यावर त्या होत्या. तेव्हा त्यांचं नवीन लग्न झालं होतं. त्या कामावर त्यांनी एक गाणं रचलं. पुढे ते आसपासच्या सगळ्या गावांत पसरलं.

खालची माती चालली वर,
वरचं पाणी येईल कवर?

पुढची कडवी मुकादमावर आहेत, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीवर आहेत, धुरपतबाईंच्या सासूवर आहेत. चाल आठ मात्रांची, साधी. हनमंत्यांनी ती रेकॉर्ड करून आणली, आठवड्यात लिहिली, छापली. धुरपतबाई डोळे दाखवायला मुदखेडला आल्या, तेव्हा त्यांना दुकानात बसवून कॉम्प्युटरवर ऐकवली. मी शेजारच्या खुर्चीवर होतो.

कॉम्प्युटर पियानोच्या आवाजात वाजवू लागला. धुरपतबाईंनी मान तिरकी केली.

"कोण वाजवून राहिलं हे?"

"मशीन, मावशी."

"दात पडल्यावानी गाऊन राहिलंय." मग थोडं पुढे ऐकून म्हणाल्या, "आन माझं टोपलं कुठं गेलं?"

"कोणतं टोपलं?"

"'वर' म्हणलं की थांबायचं. टोपलं ठेवायचं. तू तर पळतच सुटला, किशन्या. कुत्रं मागं लागलं का तुझ्या?"

हनमंत्यांनी वाजवणं थांबवलं. "मावशी, मला वाटलं तुम्ही तिथं दम घेऊन राहिल्या. मनून ती जागा मी काढली."

"दम? दम कोण घेऊ देत होतं? मुकादम डोक्यावर उभा होता की."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही. तलावाच्या पोटातून बांधावर माती टोपल्याने जायची, बायकांच्या रांगेतून, या हातातून त्या हातात. खालच्या अंगाला बौद्धवाड्यातल्या बायका, वरच्या अंगाला गावातल्या. दोन रांगा जिथे मिळत, तिथे टोपलं हातात द्यायचं नाही. जमिनीवर ठेवायचं, मागे व्हायचं. मग वरच्या बाईने पुढे होऊन उचलायचं. तेवढा वेळ खालची रांग अडायची आणि वरची रांग रिकाम्या हातांनी उभी राहायची. म्हणून गाण्यालाही तिथे थांबावं लागायचं. दोन्ही रांगा थांबायच्या. गाणं दोन्ही रांगांत चालायचं.

"चार महिने काम चाललं," धुरपतबाई म्हणाल्या. "एकदा बी हातात घेतलं न्हाई. माती सगळ्याइची एकच होती."

हनमंत्यांनी काउंटरवरचं लाल पेन ओढलं आणि स्वतः छापलेल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सगळी नोकरी बँडात काढली मी. आन दोन मात्रा मीच खाल्ल्या."

हे त्यांना का लागलं, ते कळायला त्यांच्या नोकरीतली एक हकिकत माहीत हवी. ती त्यांनी मला आधीच सांगितली होती. नवीन भरती झाले तेव्हा सरावात सेकंड क्लॅरिनेटला सोळा मात्रांचा विराम होता. त्यांनी वाद्य खाली केलं आणि रुमालाने तोंड पुसलं. बँडमास्तरने सगळा बँड थांबवला, त्यांना मैदानाला वाद्य डोक्यावर धरून फेऱ्या मारायला लावल्या आणि नंतर विचारलं, "विरामात तू काय करत होतास?" हे म्हणाले, "काहीच न्हाई, साहेब." "न्हाई. विराम वाजवायचा असतो. मोकळ्या जागेत बी तू ड्युटीवर हायस." हे वाक्य हनमंते आयुष्यभर वापरत आले. गिऱ्हाइकाने अर्जातला रकाना रिकामा सोडला तरी तेच ऐकवत.

त्यांनी लगेच धुरपतबाईंच्या समोर गाणं दुरुस्त केलं. पहिल्या ओळीनंतर दोन मात्रांचा वेगळा खण, म्हणजे दोन उभ्या रेघांमधली जागा, केला. खण रिकामा दिसला की सॉफ्टवेअर आपोआप तिथे एक खूण घालतं, ती रेघेला खालून लटकलेली असते. ती त्यांनी पुसली आणि दोन मात्रांच्या विरामाची खूण हाताने घातली. ती रेघेच्या वर बसते. काळा, चौकोनी, छोटा ठोकळा.

धुरपतबाईंनी चष्म्याविना पडद्याला नाक लावलं. "हे काळं काय हाय?"

"हे थांबायचं."

"रेघेवर ठिवलंय की."

"हाव."

"टोपलंच हाय मंग हे," धुरपतबाई म्हणाल्या. "आता लाव."

उजव्या कोपऱ्यात त्यांनी नाव टाइप केलं: धुरपतबाई ग्यानोबा वाघमारे. वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ग्यानोबाचं कशाला? त्यानं कुठं केलं गाणं? त्याला तर गाता बी येत न्हवतं." हनमंत्यांनी मधलं नाव काढलं. पत्रिकेत आईचं नाव छापा म्हणून भांडणारा तो माणूस त्या दिवशी दुसऱ्यांदा चुकीत सापडला होता, आणि दोन्ही चुका त्याने मुकाट्याने दुरुस्त केल्या.

पुढचा उन्हाळा, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तो. आमच्याकडे टँकर होते आणि टँकरच्या बातम्या होत्या. त्याच उन्हाळ्यात नांदेड तोडून नवा जिल्हा करण्याच्या मागणीने पुन्हा जोर धरला. जिल्हा लहान झाला तर कलेक्टर जवळ येईल, कलेक्टर जवळ आला तर टँकर वेळेवर येईल, असा साधा हिशोब लोकांपुढे मांडला जात होता. मुख्यालय कुठे असावं यावर मागणी करणाऱ्यांचंच एकमत नव्हतं. तरीही एक समिती झाली. अध्यक्ष व्यंकटराव, धुरपतबाईंच्याच गावचे मोठे शेतकरी, बोलायला गोड. समितीला एक जिल्हागीत हवं होतं. लोकांच्या तोंडात आधीच असलेली चाल हवी होती.

व्यंकटराव दुकानात आले, तेव्हा हनमंत्यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. हे मी पाहिलं. नव्या जिल्ह्याला हनमंत्यांचा विरोध नव्हता. दाखल्यासाठी नांदेडला फेऱ्या मारणारी माणसं त्यांच्याच दुकानातून जात होती.

"मास्तर, ते मातीचं गाणं तुमच्याकडं हाय म्हणं. शब्द आमी नवे घालतो. चाल तीच. माझी माय म्हणायची हे गाणं. आमच्या घरातलंच समजा."

"म्हणायच्या. खरं हाय. केलं धुरपतबाईनं."

"हाव, मंग? आपलीच बाई हाय ती."

"दोन गोष्टी," हनमंते म्हणाले. "छापाल तिथं धुरपतबाईचं नाव. आन पहिल्या ओळीमागं दोन मात्रा मोकळ्या हायेत, त्या तशाच."

"एवढंच?"

"एवढंच."

"हाव की, मास्तर. लई मोठं काम केलं तुम्ही."

हनमंत्यांनी धुरपतबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाव लागणार असेल तर न्या. फाइल पेनड्राइव्हवर गेली. समितीकडून नावाची अट कागदावर लिहून घ्यायचं हनमंत्यांना सुचलं नाही. गावातल्या अध्यक्षाने तोंडावर हाव म्हटलं होतं.

गाणं लातूरच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं. तिथे काय झालं, हे मला नंतर स्टुडिओच्या मालकाने सांगितलं. पाणी इतकं कमी होतं की गायकांना अर्धा अर्धा ग्लास मोजून दिलं. संगीत संयोजक पुण्याहून आले होते. त्यांनी फाइल उघडली, दर कडव्यात पहिल्या ओळीनंतर रिकामा खण पाहिला आणि विचारलं, "हे कुणी टाइप केलंय?" कुणीतरी सांगितलं, मुदखेडचा एक डीटीपीवाला. संयोजक म्हणाले, "ऑपरेटरची चूक आहे. एंटर जास्त दाबलंय." त्यांनी सगळे रिकामे खण निवडून एका कळीने काढून टाकले. व्यंकटराव तिथे हजर होते. ते काही बोलले नाहीत. गाणं चांगलं धावू लागलं, असं सगळ्यांचं मत पडलं. जिथे एक-दोन ठिकाणी तरीही जागा जाणवत होती, तिथे बासरी भरली.

समितीचा मेळावा तालुक्याच्या गावी, भर दुपारी, मंडपात झाला. हनमंते आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला काउंटरच्या दोऱ्यातून सोडवलेलं लाल पेन. धुरपतबाई आणि तलावावरच्या आणखी पाच बायका स्टेजवर उभ्या होत्या. समितीने सगळ्यांना एकसारखी हिरवी लुगडी दिली होती. त्यांच्यासमोर माइक नव्हता. रेकॉर्ड लागेल, तुम्ही फक्त तोंड हलवा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. पहिल्या रांगेत खुर्चीवर व्यंकटरावांच्या आई सोजरबाई होत्या. बहात्तरला त्या वरच्या रांगेत होत्या.

प्रत्येकाच्या हातात गीताचा छापील कागद होता. शेवटी लिहिलं होतं: चाल, पारंपरिक.

हनमंत्यांनी कागद वाचला. घडी केली. खिशात ठेवला. अजून चिडले नव्हते. मला म्हणाले, "छापणाऱ्यानं खाल्लं आसंल. अध्यक्षाला माहीत नसंल."

मग रेकॉर्ड सुरू झालं. स्टेजवरच्या बायकांनी तोंड हलवलं नाही, त्या गाऊ लागल्या. पहिली ओळ संपली आणि सहाही जणी थांबल्या. रेकॉर्ड थांबलं नाही. बायकांनी दुसरी ओळ सुरू केली तोवर रेकॉर्ड पुढे गेलं होतं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. पुढच्या कडव्याला पुन्हा तेच झालं. मंडपात हसू फुटलं. सूत्रसंचालक माइकवर म्हणाला, "आपल्या आज्या आता थकल्या आहेत, सांभाळून घ्या."

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. सोजरबाई खुर्चीत बसून गुणगुणत होत्या. त्याही थांबत होत्या. त्याच जागी, तेवढाच वेळ. दोन्ही हात मांडीवर उपडे, मोकळे.

हनमंते चालत साउंडवाल्याच्या टेबलाकडे गेले. धावले नाहीत. लॅपटॉपवर एक कळ दाबली. गाणं बंद पडलं. साउंडवाला उठला, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

मंडप शांत झाला. स्टेजवर बायका गातच होत्या. माइक नव्हता, तरी ऐकू येत होतं. पहिली ओळ. थांबल्या. दुसरी ओळ. नवे शब्द त्यांना पाठ नव्हते. त्या जुनेच म्हणत होत्या.

व्यंकटराव टेबलाकडे आले. चेहरा हसराच होता, आवाज दबका. "मास्तर, काय करून राहिलात? पाहुणे बसलेत."

"नाव कुठाय?"

"अहो, सगळ्या गावाची चाल हाय ती. एका बाईचं नाव टाकलं तर दुसऱ्या धा जणी उठतील."

"उठू द्या. लिहून घेतो. आन दोन मात्रा?"

"ती चूक होती म्हणं टायपिंगची. पुण्याच्या साहेबांनी दुरुस्त केली."

तेव्हा हनमंते चिडले. अख्ख्या मंडपाला ऐकू गेलं. "माझी चूक? चूक माझी? तुमच्या आईला विचारा, कोणाची होती ती! तिथं बसल्यात, विचारा!"

व्यंकटरावांनी विचारलं नाही. पण सोजरबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी मुलाकडे वळून, हिशोब चुकलेल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "आरं, थांबावंच लागतं तिथं. टोपलं खाली ठेवायच्या त्या. हातात कसं घ्यावं?"

त्यांच्या बोलण्यात पश्चात्ताप नव्हता. लाजही नव्हती. माहिती होती. पहिल्या दोन रांगांनी ती ऐकली आणि सगळे स्टेजकडे बघू लागले. व्यंकटरावांनी सूत्रसंचालकाला खूण केली. भाषणं सुरू झाली. बायकांना स्टेजवरून उतरवलं. त्यांना मंडपामागे चहा देण्यात आला.

मी त्या दिवशीची बातमी समितीच्या प्रेसनोटवरून केली. जागा कमी होती आणि वेळ झाला होता. चौथ्या ओळीत असं होतं: 'पारंपरिक चालीवरील जिल्हागीताने कार्यक्रमाची सुरुवात झाली. तांत्रिक बिघाडामुळे ध्वनिमुद्रण काही काळ खंडित झाले.' पहिलं वाक्य प्रेसनोटमधलं होतं. दुसरं माझं.

तिसऱ्या दिवशी मी नांदेडच्या कार्यालयात गेलो होतो, तिथे हनमंते आले. बसा म्हटलं, बसले नाहीत. अंक टेबलावर टाकला. दोन शब्दांभोवती लाल गोल होते.

"पारंपरिक म्हंजे कोण? मला त्याचा पत्ता द्या. धुरपतबाईचं आधार कार्ड हाय माझ्याजवळ, झेरॉक्स मीच काढलं. याचं दाखवा."

मी म्हणालो, प्रेसनोटमध्ये तसं होतं.

"आन बिघाड? बिघाड म्हंजे मी का? मी तांत्रिक हाय?"

शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला. हनमंते त्याच्याकडे वळले. तो हसायचा थांबला.

"तुम्ही तिथं होता," ते मला म्हणाले. "तुम्ही माझ्या दुकानात बसून ऐकलं होतं तिच्या तोंडून. व्यंकटराव पुढारी हाय, त्याला खोटं बोलावं लागतं. पुण्यावाल्याला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

मी दुरुस्ती छापायला देतो म्हणालो. दिली. ती आली नाही. वरिष्ठांचं म्हणणं पडलं की चाल कुणाची हा वादाचा विषय आहे आणि बातमी जुनी झाली आहे. मी पुन्हा विचारलं नाही. हनमंत्यांनीही मला पुन्हा विचारलं नाही. मी दुकानात जाऊन बसायचो, ते बातमी टाइप करू द्यायचे, आमचा अंक मात्र त्यांनी तपासणं बंद केलं. घडीही न मोडता तो रद्दीत टाकत.

जिल्हा झाला नाही. समिती दोन गावांत फुटली. जिल्हागीत काही दिवस फोनच्या रिंगटोनवर वाजत राहिलं, बासरीसकट.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी, बिलोलीच्या रस्त्यावर. समितीने मेळाव्याच्या वेळी लावलेला पत्र्याचा मोठा बोर्ड अजून उभा होता. ऊन लागून त्यावरचे चेहरे उडाले होते, गीताची अक्षरं शाबूत होती. मी मोटारसायकलवर होतो. बोर्डासमोर प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर हनमंते उभे होते, हातात ब्रश आणि लाल रंगाचा डबा. खुर्ची हलू नये म्हणून धुरपतबाईंनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

'पारंपरिक' या शब्दावर आडवी काट मारून झाली होती. शेजारी नाव लिहिलं होतं, छापील अक्षरासारखं. आता ते गीताच्या पहिल्या ओळीनंतर एक रेघ ओढत होते. रेघेवर त्यांनी एक चौकोनी ठोकळा काढला आणि आत रंग भरला. त्या रस्त्याने जाणाऱ्या एकालाही ती खूण वाचता आली नसती. खाली खुर्ची धरून उभ्या असलेल्या बाईला येत होती. तिला नाव मात्र वाचता येत नव्हतं.

"नीट बसलं का रेघेवर?" त्यांनी वरूनच विचारलं.

"जरा डावीकडं कलंडलंय," धुरपतबाई म्हणाल्या. "माती सांडंल."

त्यांनी डावी बाजू पुन्हा रंगवली.

मी गाडी उभी केलेली त्यांनी पाहिली होती. खाली उतरले, ब्रश पुसला, डब्याचं झाकण दाबून लावलं. मला वाटलं, काही बोलतील. त्यांनी खिशातलं लाल बॉलपेन काढलं आणि माझ्या शर्टाच्या खिशाला लावलं.

"बोर्ड माझ्याकडं होता," ते म्हणाले. "पेपर तुमच्याकडं हाय."

मग खुर्ची उचलली आणि धुरपतबाईंच्या मागे एसटीच्या थांब्याकडे निघाले. वळून पाहिलं नाही. त्याच पावसाळ्यात ते गेले. दुकान आता मोबाइलवाल्याकडे आहे.

मी वार्ताहर म्हणून केलेल्या त्या बातमीत दोन चुका होत्या. चाल पारंपरिक नव्हती. ती धुरपतबाई वाघमारे यांनी पाझर तलावाच्या कामावर खालच्या रांगेत उभं राहून केली. आणि त्या दिवशी मंडपात कुठलाही तांत्रिक बिघाड झाला नव्हता.